विषय क्रमांक तीन : ओवीचं बोलणं

सोसायटीतले किस्से गच्चीवरच्या सामानासारखे साठतात. मोडकी सायकल, कुणाचा तरी कूलर, तळाशी वाळलेला रंगाचा डबा... कुणी आणून ठेवलं ते आठवत नाही आणि टाकून द्यायचं म्हटलं की चारही मजल्यांवरून आवाज येतो, "अहो, राहू द्या, लागेल कधीतरी!" माझ्याकडेही आमच्या बिल्डिंगचे किस्से असेच साठलेत. नांदेडला माहेरी गेले की मैत्रिणी चहा टाकतात, मांडी घालून बसतात आणि म्हणतात, "हं, आता तुझ्या लातूरवाल्यांचं सांग." मग माझी गाडी सुटते ती दुसरा चहा होईपर्यंत थांबत नाही.

एक आधीच सांगून टाकते. हे किस्से आज मी हसत सांगते. घडत होते तेव्हा हसत होती ती बाकीची बिल्डिंग! कारण या सगळ्यांच्या मध्यभागी माझी मुलगी होती आणि ती अडीच वर्षांची होत आली तरी एक शब्द बोलत नव्हती. नाव काय, तर ओवी! मीच ठेवलं होतं, मोठ्या हौसेनं. नंतर वाटायचं, साधं 'पिंकी' ठेवलं असतं तर नाव सांगितल्यावर लोकांच्या चेहऱ्यावर ते 'अरेरे' तरी आलं नसतं.

त्यात मी शिकलेली. ज्युनिअर कॉलेजात बॉटनी शिकवायचे. बारावीच्या वर्गात तासभर बोलून पोरांना गप्प करणारी बाई मी, आणि घरी एका पोरीला बोलतं करता येईना!

* * *

आम्ही इथं राहायला आलो तेव्हा ओवी अगदी तान्ही होती. पहिल्याच दुपारी तिला कशीबशी झोपवली आणि दार लावून घेतलं. ही माझी पहिली चूक. आमच्या बिल्डिंगमध्ये दिवसा दार लावत नाहीत. पडदा असतो, तोही वाऱ्याला उडण्यापुरता.

बेल वाजली. बाहेर खाकी ड्रेसमध्ये एक बाई. या वरच्या मजल्यावरच्या कांबळे ताई, एसटीत कंडक्टर, निलंग्याच्या गाडीवर. आवाज कायम गाडीच्या शेवटच्या सीटपर्यंत जाईल असा लावलेला.

"दार कामून लावलं? भांडण झालं का?"

"नाही हो, बाळ झोपलंय."

"हां, मंग ठीक हाय. झोपू द्या, झोपू द्या!" हे इतकं मोठ्यांदा की ओवी उठली.

पुन्हा झोपवली. पुन्हा बेल. तळमजल्यावरच्या नसीम आपा. घरीच ब्लाऊज-ड्रेस शिवतात, त्यामुळे गळ्यात टेप आणि ओठांत टाचणी. टाचणी काढून म्हणाल्या, "दार बंद दिख्या, मैं बोली गॅस-बिस तो लीक नै हुआ ना?" ओवी उठली.

तिसऱ्यांदा चेअरमन आले. सूर्यवंशी सर, निवृत्त मुख्याध्यापक. हात पाठीमागं बांधून म्हणाले, "दार बंद ठेवण्यामागचं कारण कळू शकेल का?"

शेवटी मी एका कागदावर ठळक अक्षरात लिहिलं, 'बाळ झोपले आहे. कृपया बेल वाजवू नये.' दाराला चिकटवलं आणि ओवीशेजारी पडले. डोळा लागतो न लागतो तोच बेल!

कांबळे ताई. कागदावर बोट ठेवून म्हणाल्या, "वाचलं. पण किती वाजेपर्यंत झोपलंय ते लिहिलं न्हाई तुम्ही!"

* * *

ओवी बोलत नाही ही गोष्ट मी बरेच दिवस कुणाला सांगितली नव्हती. नवऱ्याला, म्हणजे अमोलला, सांगून उपयोग नव्हता. तो चाकूरच्या बँकेत आहे. सकाळी जातो, संध्याकाळी येतो आणि म्हणतो, "अगं, मीपण उशिरा बोललो होतो." त्याच्या आईला विचारलं तर म्हणाल्या, "तो अजून कुठं बोलतो?"

एक दिवस मात्र नसीम आपांकडे ओवीचा फ्रॉक शिवायला टाकायला गेले आणि मापं देता देता मला रडूच फुटलं. सगळं सांगून टाकलं. आपांनी मशीन थांबवलं, पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला.

"कुणाला सांगू नका हं आपा."

"तौबा! मैं कायकू बोलूंगी?"

मी लिफ्टनं वर आले. दुसऱ्या मजल्यावर दार उघडलं तर समोर अज्जी उभ्या! अज्जी म्हणजे आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या बिराजदारांच्या आई. मूळच्या भालकीकडच्या, कर्नाटकातल्या, त्यामुळे लहान-थोर सगळे त्यांना अज्जीच म्हणतात. मराठी सगळं समजतं. बोलताना मात्र चार शब्द मराठीत टाकले की पाचव्या शब्दाला त्या सीमा ओलांडतात आणि मग परत येत नाहीत. अज्जींनी माझे डोळे पुसले, कानडीत काहीतरी लांबलचक म्हणाल्या आणि ओवीला घेऊन आत गेल्या. लिफ्टपेक्षा बातमी आधी पोचली होती!

घरात येऊन फोन बघते तर सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज : 'बी विंग दुसरा मजला येथील चि. ओवी हिच्या बोलण्याबाबत सर्वांनी लक्ष घालावे.' त्याखाली नमस्काराचे हात, फुलं, 'काळजी करू नका ताई'. आणि सगळ्यात खाली सूर्यवंशी सर. सर वरचा मेसेज न वाचता उत्तर देतात, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

'हार्दिक अभिनंदन!'

* * *

लक्ष घालावे म्हटल्यावर लोकांनी लक्ष घातलं.

कांबळे ताईंचं म्हणणं, पोपटानं उष्टावलेला पेरू खाल्ला की लेकरू बोलतं. त्यांच्या आजीनं गावात कितीतरी लेकरं अशी बोलती केली म्हणे. मी बॉटनीची. पेरूच्या झाडाचं शास्त्रीय नाव मला झोपेतही सांगता येतं. मी ठामपणे म्हणाले, "ताई, असं काही नसतं." आणि त्याच संध्याकाळी मंडईत पेरूवाल्याला हळूच विचारलं, "दादा, पोपटानं खाल्लेला आहे का एखादा?"

तो बिचारा दुखावला. "ताई, आपला सगळा माल फ्रेश असतो!"

मग नसीम आपांनी पुढाकार घेतला. त्यांच्या भावाकडे नांदेडला एक म्हातारा पोपट होता, मिठू. तो पिंजऱ्यासकट लातूरला आला आणि थेट आमच्या हॉलमध्ये मुक्कामाला. पेरू ठेवला. मिठूनं पाठ फिरवली. कापून ठेवला, तिखट-मीठ लावून ठेवला. नाही! मिठूला फक्त चहात बुडवलेला टोस्ट चालायचा. बरं, बोलेल म्हणावं तर तेही नाही. माझ्या घरात आता न बोलणारे दोन झाले. ओवी पिंजऱ्यासमोर बसायची, मिठू ओवीसमोर बसायचा आणि मी दोघांसमोर बसून घसा फोडायचे, "ओवी, आई म्हण! म्हण ना गं, आई!"

अज्जी दारातून बघून म्हणाल्या, "दोघे हुशार हाय. ऐकून घेतो तुला."

शेवटी पेरूचा नाद सोडला आणि मिठूला नांदेडला परत पाठवलं. आठवड्यानं आपांच्या भावाचा फोन. आपांनी तो स्पीकरवर टाकला. मागून मिठूचा आवाज, अगदी स्वच्छ, आणि हुबेहूब माझ्या रडव्या सुरात :

"आई म्हण! म्हण ना गं, आई!"

आपांचा भाऊ म्हणाला, "बाजी, दुकान पे आये हर गिऱ्हाईक कू येइच बोल रहा! लोगां मेरे कू पूछ रहे, किसकी आई?"

* * *

पेरू फसला तरी कांबळे ताई हटल्या नाहीत. "माझ्या गाडीत बसवा तिला. येका फेरीत बोलती हुती का न्हाई बघा. माझ्या गाडीत कुणी गप बसूच शकत न्हाई, लई भांडतेत."

मी, ओवी, तिची पाण्याची बाटली, जास्तीचे कपडे, तापाचं औषध, मळमळीचं औषध आणि मळमळीच्या औषधानं काही झालं तर त्याचं औषध, असे सगळे एक दिवस लातूर-निलंगा गाडीत बसलो. औसा येईपर्यंत सगळ्या गाडीला कळलं की ही पोरगी बोलत नाही. ताईंनी तिकीट काढता काढता प्रत्येक सीटवर सांगितलं होतं!

मग काय, गाडीच कामाला लागली. पुढच्या सीटवरच्या मामांनी टोपी काढून ओवीच्या डोक्यावर ठेवली, "म्हण, मामा!" मागच्या मावशींनी शेंगाचा लाडू दिला, "म्हण, मावशी!" कॉलेजच्या पोरांनी शिट्टी वाजवून दाखवली. ड्रायव्हरसुद्धा आरशातून ओरडला, "म्हण, हॉर्न!" ओवीनं टोपी घातली, लाडू खाल्ला, शिट्टी ऐकली, सगळ्यांकडे एकदा नीट बघितलं आणि माझ्या मांडीवर झोपून गेली. अख्खी गाडी एकदम कुजबुजायला लागली, "हळू, हळू, झोपलं लेकरू."

निलंग्याला उतरताना मला वाईट वाटत होतं. मी म्हणाले, "ताई, नाही हो बोलली."

ताई खुशीत होत्या. "न्हाई बोलली तर न्हाई. पण आज सीटवरून येक बी भांडण झालं न्हाई! उद्या तुळजापूरच्या गाडीवर माझी मैत्रीण हाय, तिकडं बी पाठवता का?"

* * *

शेवटी बालरोगतज्ज्ञांकडे जायचं ठरवलं. अमोलला सुट्टी मिळेना, म्हणून नसीम आपा सोबत निघाल्या. आपा निघाल्या म्हणून कांबळे ताई निघाल्या. ओवी अज्जींचा पदर सोडेना म्हणून अज्जी आल्या. आणि 'संस्थेच्या वतीनं' सूर्यवंशी सर आले. डॉक्टरांनी दार उघडून बघितलं आणि विचारलं, "नंबर कुणाचा आहे?" सगळे म्हणाले, "आमचा!"

डॉक्टर चांगले होते. कान तपासले, खेळणी दिली, "बॉल कुठंय? चप्पल आण" असं सांगून बघितलं. ओवीनं बॉल दाखवला आणि चप्पल आणली. स्वतःची नाही, डॉक्टरांची! मग डॉक्टरांनी विचारलं, "हिच्या कानावर कोणकोणत्या भाषा पडतात?"

सगळ्यांनी एकदमच उत्तर दिलं. आपा दखनीत, ताई लातुरीत, अज्जी कानडीत, सर शुद्ध मराठीत. मी घाबरले की इंग्रजीत शिरते, त्यामुळे मी इंग्रजीत.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "ऐकू उत्तम येतंय. समजतंही सगळं. हिला जरा सवड द्या. काही विचारलं की उत्तराची वाट बघा. दोन महिन्यांनी परत या. तेव्हाही बोलत नसेल, तर पुढचं बघू."

'सवड' हा शब्द आमच्यापैकी कुणाच्याच कानात शिरला नाही. माझ्या कानात नुसतं 'पुढचं बघू' घुमत राहिलं. पुढचं म्हणजे काय? रात्रंदिवस तेवढंच. आणि सूर्यवंशी सरांनी तर निदानाकडे लक्षच दिलं नव्हतं, ते प्रश्नावरच थांबले होते. रिक्षात पुढं बसून मागं वळून म्हणाले, "डॉक्टरांनी भाषेचं विचारलं. एवढा मोठा माणूस विनाकारण विचारेल? पोर भाषांमध्ये अडकलंय. मी सभा बोलावतो."

* * *

सभा पार्किंगमध्ये भरली. विषय क्रमांक एक, लिफ्टचा आवाज. दोन, ए विंगच्या पाण्याची वेळ. तीन, चि. ओवीचं बोलणं.

सरांनी ठराव वाचला : 'यापुढे संस्थेच्या आवारात चि. ओवीशी सर्व सभासदांनी व त्यांच्या कुटुंबीयांनी फक्त मराठीतूनच बोलावे.' मी खाली मान घालून बसले होते. पटत होतं असं नाही. पण घाबरलेल्या आईला कुणी काहीही करा म्हटलं की ती करते. पोपट आणणारी बाई ठरावाला कुठल्या तोंडानं नाही म्हणणार?

"कोणतं मराठी?" कांबळे ताईंनी विचारलं.

"कोणतं म्हणजे? मराठी!"

"तुमचं का आमचं? तुम्ही म्हणता 'नाही', आम्ही म्हणतो 'न्हाई'. लेकरू कुणाचं धरंल?"

"शुद्ध," सर म्हणाले.

"आमचं काय अशुद्ध हाय का? तुमच्या घरी येताना आम्ही आंघूळ करून येत न्हाई का?"

पार्किंगमध्ये हशा. नसीम आपा उठून उभ्या राहिल्या. "मी मराठी बोलेन. मला येतंय की मराठी! हौ ना?" आणि शेजारच्या बाईला हळूच, "अच्छा बोली ना मैं?"

कुणीतरी विचारलं, मुलांनी खेळताना काय करायचं? एक जण म्हणाला, कार्टून हिंदीत असतं त्याचं काय? ए विंगचे एक काका म्हणाले, या सगळ्यात आमच्या पाण्याच्या वेळेचं काय झालं?

बिराजदार आपल्या आईच्या कानात सगळं कानडीत सांगत होते. अज्जी ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्यांनी मांडीवरच्या ओवीकडे बघितलं. मग सगळ्यांच्या आधी हात वर केला. ठराव एकमतानं मंजूर!

सर खूश झाले. "बघा, याला म्हणतात सहकार! अज्जी, दोन शब्द बोला."

अज्जी उभ्या राहिल्या, सगळ्यांना नमस्कार केला, तोंड उघडलं आणि मिटलं. ठरावाची अंमलबजावणी त्यांनी तिथूनच सुरू केली होती.

* * *

त्यानंतर जे झालं ते बघवत नव्हतं.

नसीम आपा, ज्या ओवीला बघितलं की "मेरी चिमणी, मेरा गुलाबजामून" म्हणून मुके घ्यायच्या, त्या आता जिन्यात थांबून म्हणायच्या, "नमस्कार ओवी. आपण जेवण केले काय?" आकाशवाणीच्या बातम्यांसारखं! ओवी माझ्यामागं लपायची. कांबळे ताई तिच्याशी बोलताना 'नाही' म्हणायला जायच्या, 'न' वर अडखळायच्या आणि वैतागून, "जाऊ द्या तिकडं!" म्हणून निघून जायच्या. सूर्यवंशी सर तर रोज सकाळी छडीनं एकेक वस्तू दाखवायचे. "हे काय आहे? ही कुंडी आहे. ते काय आहे? तो पंप आहे." ओवीला काही कळलं की नाही माहीत नाही, पण आमचा वॉचमन एक दिवस सहज म्हणाला, "मॅडम, तो पंप बिघडला आहे." एरवी त्याच्या तोंडून "मोटर जळली" याच्यापुढं वाक्य गेलं नव्हतं!

आणि अज्जी गप्प झाल्या.

आधी रोज दुपारी ओवी त्यांच्याकडे असायची. त्या शेंगा सोलायच्या, वाती वळायच्या आणि तासन्‌तास कानडीत बोलत राहायच्या. मी एकदा विचारलं होतं, "एवढं काय बोलता हो तिच्याशी?" तर म्हणाल्या, "माझं सगळं." आता ओवी जायची, अज्जी तिला पोळीला तूप-साखर लावून गुंडाळी करून द्यायच्या, शेजारी बसवायच्या आणि नुसत्या बघत राहायच्या. एका दुपारी मी दारातून बघितलं, तर ओवी त्यांच्या मांडीवर उभी राहून दोन्ही हातांनी त्यांचे ओठ उघडून बघत होती. आत काही राहिलंय का!

मला तिथं उभं राहवेना. वाटलं, जाऊन सांगावं, अज्जी, बोला हो, खड्ड्यात गेला ठराव. पण डॉक्टरांचं 'पुढचं बघू' आठवलं आणि पाय उचलला नाही. आपल्या पोरीसाठी आपण दुसऱ्याच्या तोंडाला कुलूप लावलंय हे कळत होतं, आणि किल्ली माझ्याच हातात असून मी ती फिरवत नव्हते.

संध्याकाळी जिन्यात बिराजदार भेटले. मी म्हणाले, "अहो, अज्जींना खूप जड जातंय का हो? आपण हे थांबवू या का?"

बिराजदारांच्या बायकोनं आतून धावत येऊन सांगितलं, "अज्याबात न्हाई! लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मला टीव्ही ऐकू यायलाय!"

* * *

मध्ये वेळ अमावस्या, म्हणजे आमच्याकडचा शेतात जाऊन जेवायचा सण, आली. सगळी बिल्डिंग आपापल्या नाही तर दुसऱ्याच्या शेतात भज्जी आणि आंबील हाणायला गेली, त्यामुळे आढावा सभा पुढं ढकलली गेली. ती भरली तेव्हा डॉक्टरांनी दिलेली तारीख अगदी तोंडावर आली होती.

पुन्हा पार्किंग, पुन्हा प्लास्टिकच्या खुर्च्या. या वेळी ओवीचा विषय एक नंबरवर घेतला होता. ती अज्जींच्या मांडीवर बसली होती. सर म्हणाले, "ठरावाची प्रगती काय?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मलाच उठावं लागलं. "काही नाही झालं सर. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे जायचंय. मला..." आणि पुढचं वाक्य आलंच नाही. आता बिल्डिंगमध्ये न बोलणाऱ्या तीन झाल्या.

मग कांबळे ताई ताडकन उठल्या. "असं कसं न्हाई बोलत? चला, समदे मिळून! ओवी, म्हण, आई!"

"आई!" नसीम आपा.

"आऽऽऽई!" ए विंग.

"आ! ई! दोनच अक्षरं आहेत!" सर, छडी वर करून.

बघता बघता सगळं पार्किंग माझ्या पोरीच्या अंगावर "आई, आई" ओरडत होतं. ट्यूशनहून घरी चाललेली पोरं गेटवर थांबली आणि काय चाललंय ते न विचारताच "आई! आई!" करायला लागली. वरच्या गॅलऱ्यांतून बायका ओरडत होत्या. कुणाचं तरी कुत्रं भुंकत होतं. मी कानांवर हात ठेवले.

ओवी अज्जींच्या मांडीवरून खाली उतरली. फ्रॉक नीट केला. चार पावलं चालून बरोबर मधोमध उभी राहिली. तिनं गोल फिरून सगळ्यांकडे बघितलं, एक हात वर केला, आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"मनिगे होग्री!"

पार्किंगमध्ये टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. आणि ती पडलीही, नसीम आपांच्या तोंडातून.

"बोलली?" मी म्हणाले. "बोलली ना? तुम्ही ऐकलं ना? काय म्हणाली?"

सगळ्यांनी बिराजदारांकडे बघितलं. ते रुमालात तोंड खुपसून गदागदा हलत होते. मग सगळ्यांनी अज्जींकडे बघितलं. अज्जींनी सरांकडे बघितलं. सरांनी मानेनं परवानगी दिली.

अज्जी एकेक मराठी शब्द जपून ठेवत म्हणाल्या, "म्हणाली, घरी जावा." मग कुणाचा गैरसमज नको म्हणून हात उंचावून, "पण 'जा' म्हणाली न्हाई. 'जावा' म्हणाली. आदर हाय!"

पुढचा काही वेळ कोण काय करत होतं ते मला नीट आठवत नाही. मी खाली फरशीवरच बसले होते. कांबळे ताई हसता हसता रडत होत्या. आपा ओवीचे मुके घेत "मेरा गुलाबजामून, मेरा गुलाबजामून" करत होत्या. गेटवरची पोरं टाळ्या वाजवत होती. ए विंगचे काका खरंच घरी निघाले होते, त्यांना बायकोनं हाताला धरून परत आणलं.

फक्त सूर्यवंशी सर गंभीर उभे होते. सगळं शांत झाल्यावर त्यांनी घसा साफ केला.

"आनंदाची गोष्ट आहे. पण नियम तो नियम. अज्जी, कानडीत बोलायचं नाही असं सर्वानुमते ठरलं होतं ना?"

अज्जींनी ओवीला उचलून पुन्हा मांडीवर घेतलं, पदरानं तिचं तोंड पुसलं आणि सरांकडे बघत म्हणाल्या,

"मी कुठं बोलली? ती बोलली!"